समुपदेशन कक्ष, तळमजला: मॅडमना पाच स्टार, खोलीला दीड

कक्ष कुठे आहे इथूनच सुरू करतो, कारण निम्मी पोरं तिथेच गळतात. मुख्य इमारत, तळमजला, अकाउंट सेक्शनच्या बरोबर समोर. फीच्या रांगेत उभं राहून कंटाळलेल्या माणसाला बघायला समोर एकच गोष्ट असते, ती म्हणजे हे दार. दारावर पाटी: ‘विद्यार्थी समुपदेशन, तक्रार निवारण व अँटी रॅगिंग कक्ष’. तिन्ही खाती एकाच दारामागे. त्यामुळे आत शिरणारा एक तर खचलाय, नाहीतर कुणाला तरी ठोकून आलाय, असा अंदाज बांधायला रांग मोकळी. आमच्याच वर्गातल्या एकाने मला आत जाताना पाहिलं आणि ग्रुपवर टाकलं, "भाऊने कुणाला रॅग केलं?" मी खुलासा केला नाही. तो समज जास्त सोयीचा होता.

कॉलेजचं नाव लिहीत नाही, डिग्री अजून हातात यायची आहे. पुण्यातलं इंजिनिअरिंग कॉलेज आहे, एवढं पुरे. इथले असाल तर अकाउंट सेक्शनवरून ओळखाल. इथले नसाल तर तुमच्या कॉलेजातला कक्ष शोधून बघा, साधारण असाच निघेल.

मी बार्शीकडचा, मेकॅनिकल, सध्या बीईला म्हणजे शेवटच्या वर्षाला, २०१९ पॅटर्न (त्या सालापासूनचा अभ्यासक्रम). एसईच्या, म्हणजे दुसऱ्या वर्षाच्या, दुसऱ्या सेमिस्टरला पहिल्यांदा गेलो आणि नंतर अधूनमधून जातच राहिलो. म्हणजे कक्षाचे चांगले दिवस, वाईट दिवस आणि नॅकचे (कॉलेजांना श्रेणी देणाऱ्या संस्थेच्या पाहणीचे) दिवस, तिन्ही बघून झालेत.

आत शिरण्याआधी स्टुलावर एक रजिस्टर असायचं. नाव, रोल नंबर, वर्ग, वेळ, सही आणि शेवटचा रकाना ‘भेटीचे कारण’. आता सांगा, ज्याला तीन आठवडे झोप नाही तो माणूस शिपायासमोर उभा राहून त्या अडीच इंचाच्या रकान्यात काय लिहिणार? पोरांनी त्यावर आपापले उपाय काढले होते. मी पानं मागे उलटून वाचली. ‘पर्सनल’, ‘डोकेदुखी’, ‘स्टडी’, ‘स्टडी’, ‘वरीलप्रमाणे’, ‘मॅडमना भेटणे’. एकाने सुवाच्य अक्षरात ‘एम-थ्री’ (गणिताचा तिसरा पेपर) लिहिलं होतं आणि त्याच्याखालच्या दोघांनी नुसते ‘"’ असे ‘वरीलप्रमाणे’चे टिंब काढले होते. ते वाचून मला पहिल्यांदा बरं वाटलं, मॅडमच्याही आधी. पण रजिस्टर ते रजिस्टरच. कोणीही उघडावं, कोणाचंही नाव वाचावं. मीच वाचली ना. याबद्दल पुढे सांगतो, कारण ते नंतर बदललं.

खोली म्हणजे मोठ्या हॉलचा प्लायवूड घालून पाडलेला एक तुकडा. पलीकडे एनएसएसचं सामान: फावडी, घमेली, बॅनर. प्लायवूड छतापर्यंत जात नाही, वर हातभर फट आहे. पलीकडे कोणी घमेलं आपटलं तरी इकडे दचकायला होतं, तर इकडचं पलीकडे किती जात असेल! मॅडमनी त्यावर काढलेला तोडगा असा: टेबलावर एक जुना पंखा, तो कायम तीनवर. डिसेंबरातसुद्धा. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा कुडकुडत म्हटलं, "मॅडम, बंद करू का?" तर म्हणाल्या, "अरे, तो हवेसाठी नाहीये, आवाजासाठी आहे. तू बोल." कागद उडू नयेत म्हणून टेबलावर वर्कशॉपमधून आणलेला एक लोखंडी जॉब, म्हणजे प्रॅक्टिकलला घासायचा तुकडा, ठेवलेला असतो. एफईच्या, म्हणजे पहिल्या वर्षाच्या, कुठल्या तरी पोराने फायलिंग करून बिघडवलेला. त्याचा एक कोपरा काही काटकोनात नाही. समोर बसून बोलताना हात आपोआप तिकडे जातो.

बसायला दोन प्लास्टिकच्या खुर्च्या. मध्यंतरी नॅकची टीम येणार होती. नॅकच्या तेव्हाच्या सात निकषांपैकी पाचवा निकष विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या आधाराचा आणि प्रगतीचा होता, त्यामुळे त्या आठवड्यात आधार एकदम भरून आला. भिंतींना फिकट हिरवा रंग, दोन कुंड्या, एक सोफा, एक टिश्यूचा डबा. टीम गेली. सोफा प्राचार्यांच्या केबिनबाहेर गेला, कुंड्या रिसेप्शनला गेल्या. टिश्यूचा डबा राहिला, तो संपल्यावर नवीन काही आला नाही. रंग मात्र अजून आहे. खोलीला दीड स्टार देतोय, त्यातला अर्धा त्या रंगाचा.

आता मॅडम. त्या कॉलेजच्या पूर्णवेळ नाहीत. मंगळवार आणि शुक्रवार, अकरा ते दोन. नेमकी हीच आमची प्रॅक्टिकलची वेळ. प्रॅक्टिकल बुडवलं तर हजेरी जाते, हजेरी पंचाहत्तर टक्क्यांच्या खाली गेली की डिफॉल्टर लिस्ट लागते, लिस्ट लागली की घरी मेसेज जातो, आणि घरी मेसेज गेला की माणसाला समुपदेशनाची गरज पडते. हे चक्र कोणी आखलं असेल त्याला किनेमॅटिक्समध्ये पैकीच्या पैकी द्यायला हवेत.

पण एकदा समोर बसलात की मॅडम भारी आहेत. का भारी, ते नीट सांगतो, कारण ‘मॅडम खूप छान ऐकून घेतात’ असं सगळेच म्हणतात आणि त्यातून काही कळत नाही.

माझं असं झालं होतं की एफईचे दोन विषय राहिलेले, एम-टू आणि मेकॅनिक्स. आमच्या पॅटर्नला नियम असा की एफई पूर्ण क्लिअर असल्याशिवाय टीईला, म्हणजे तिसऱ्या वर्षाला, प्रवेश नाही. एसईचं सगळं सुटलं आणि एफईचा एकच विषय अडला, तरी वर्ष जातं. वायडी, म्हणजे इयर डाऊन. हा शब्द हॉस्टेलात मोठ्याने कोणी बोलत नाही. रूममधले तिघं टीईच्या इलेक्टिव्हची चर्चा करायचे तेव्हा मी बाहेर कठड्यावर जाऊन फोनवर बोलल्यासारखं करायचो. रात्री एम-टूचं पुस्तक उघडायचं, सॉलिड जॉमेट्रीत स्फिअरचं समीकरण लिहायचं, आणि मग अडीच वाजेपर्यंत ‘वायडी झाला तर’ याचाच अभ्यास. सकाळी लेक्चरला झोप. दुपारी मेसमध्ये दोन घासात पोट भरल्यासारखं.

मॅडमना हे सगळं सांगितलं. मला वाटलं होतं आता श्वास आत, श्वास बाहेर वगैरे करायला लावतील. त्यांनी विचारलं, "नियम तू कुठे वाचलास?" मी म्हटलं, सगळ्यांना माहीत आहे. "ते ठीक. वाचलास कुठे?" वाचला नव्हता. पुढच्या वेळी त्यांनी परिपत्रकाची प्रिंट आणायला लावली आणि त्यांच्यासमोर मोठ्याने वाचायला लावली, पंख्याच्या आवाजात. मग पेन पुढे केलं. "यातलं कुठलं वाक्य तुला रात्री झोपू देत नाही? त्याखाली रेघ मार." चार पानांत मी एका वाक्याखाली रेघ मारली. "आता हे वाक्य खरं ठरलं असं धर. ऑगस्टमध्ये तू कुठे असशील, सकाळी उठून काय करशील, पैसे कुठून येतील, मागच्या कोऱ्या बाजूला लिही."

लिहिलं. हॉस्टेलची खोली सुटेल. बार्शीला जाईन किंवा भोसरीत एखाद्या वर्कशॉपमध्ये चिकटेन. भोसरीत राहिलो तर कॉट बेसिसवर भाडं इतकं, मेस इतकी, पगार साधारण इतका. डिसेंबरात विषय काढायचा. पुढच्या जुलैला टीई. बरोबरची पोरं एक वर्ष पुढे. तेवढ्यात पान संपलं. मॅडमनी ते वाचलं आणि म्हणाल्या, "हे वाईट आहे. पण हे मोजता येतंय." त्यांनी ‘काही नाही रे, होशील पास’ असं एकदाही म्हटलं नाही. सगळं जग तेच म्हणत होतं आणि त्याने माझं डोकं अजून उठायचं. होशील पास म्हणणाऱ्याला मी नापास झालो तर काय, हे ठाऊक नसतं. मॅडमनी ते आधी उरकून घेतलं.

त्यानंतर मग पास व्हायचं बघितलं. इन-सेमचे, म्हणजे सेमिस्टरच्या मधल्या परीक्षेचे, तिसापैकी अकरा आधीच हातात होते. पासिंगच्या चाळीससाठी सत्तरच्या पेपरात एकोणतीस लागत होते. मॅडमना गणित येत नाही, हे त्या पहिल्याच मिनिटाला सांगतात. त्यांच्याकडे एक डायरी आहे, आणि माझ्या मते या सेवेतली सगळ्यात मोलाची गोष्ट तीच. त्यात सिनिअरांची नावं आहेत, त्यांच्या परवानगीने घेतलेली. आणि ही टॉपरांची यादी नाही. तो विषय दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला काढलेल्यांची आहे. एम-टूला कोण, ग्राफिक्सला कोण, थर्मोला कोण. मला एका सिव्हिलच्या दादाकडे पाठवलं, त्याचा एम-टू तिसऱ्या प्रयत्नात निघालेला. टॉपर तुम्हाला सहाही युनिट शिकवायला बसतो. हा दादा लायब्ररीच्या रीडिंग हॉलबाहेरच्या पायरीवर बसून म्हणाला, "कर्व्ह ट्रेसिंग पक्कं कर, मल्टिपल इंटिग्रल पक्कं कर, बीटा-गॅमाचे दोन टाइप कर. सॉलिड जॉमेट्रीला नमस्कार कर आणि पुढे जा." मग कर्व्ह ट्रेसिंगचे नियम त्याने वहीच्या एका पानावर लिहून दिले: सममिती, ओरिजिन, टँजंट, अक्षांशी छेद, असिम्प्टोट, कुठे वक्र नाहीच. त्याच क्रमाने लिहायचे, आकृती चुकली तरी नियमांचे मार्क पडतात. हे त्याला कुठल्या सरांनी सांगितलं नव्हतं. दोनदा नापास होऊन, फोटोकॉपी मागवून, स्वतःचाच तपासलेला पेपर वाचून त्याला कळलं होतं.

घरी सांगायचं राहिलं होतं. आण्णा टेंपो चालवतात, रोज फोन करतात, फोनवर मी दीड महिना नुसतं "हां, चाललंय" म्हणत होतो. मॅडमनी फोन करायला लावला नाही. काय बोलणार ते आधी तीन वाक्यांत लिहायला लावलं. पहिल्या वाक्यात विषय किती राहिले, दुसऱ्यात त्याने काय होईल, तिसऱ्यात मी काय करतोय. ‘सॉरी’ आणि ‘टेन्शन घेऊ नका’ दोन्ही खोडायला लावलं. "ते शेवटी म्हण. आधी म्हटलंस की ते घाबरतील." संध्याकाळी पार्किंगमधून फोन लावला, तीन वाक्यं म्हटली. आण्णा थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, "मंग ह्याच्यासाठी दीड महिना नुसतं हां-हां करत हुतास व्हय?" नंतरचा प्रश्न होता, फी परत भरावी लागणार का. नंतरचा, जेवतोस का वेळेला. इतकंच. आई नंतर वेगळी बोलली, ते इथे लिहीत नाही.

हा फोनचा भाग मी वर्गातल्या एका मैत्रिणीला कौतुकाने सांगितला, तर ती म्हणाली, "तुला बरं आहे." तीही कक्षात जाऊन आलेली. तिलाही मॅडमनी सुरुवातीला विचारलं होतं, घरी सांगितलंस का? तिच्या घरी विषय राहिल्याचं कळलं तर दिवाळीत स्थळं बघायला सुरुवात होते. तिच्यासाठी ‘घरच्यांशी मोकळेपणाने बोला’ हा सल्ला म्हणजे शिक्षणावर पाणी. तिने ते मॅडमना तोंडावर सांगितलं. मॅडमनी वाद घातला नाही, तिच्यासाठी घराबाहेरचा कोण आधार आहे ते शोधलं, शेवटी तिची एक मावशी निघाली, नगरला नोकरी करणारी. त्यानंतर मॅडम तो प्रश्न मुलींना पहिल्या भेटीत विचारत नाहीत असं तीच म्हणते. मला हे चांगलं वाटलं. ऐकून बदलणारा माणूस आमच्या कॉलेजात दुर्मीळ.

पैशाचंही बोलतात, हे अनेकांना माहीत नसतं. सबमिशनच्या काळात माझ्या रूममेटची स्कॉलरशिप जमा झाली नव्हती, फी बाकी, नो ड्यूजवर सही नाही, सही नाही तर हॉल तिकीट नाही. तो अभ्यासाचं टेन्शन म्हणून कक्षात गेला. मॅडमनी अर्ध्या तासात ओळखलं की पोराला अभ्यासाचा काही प्रॉब्लेम नाही, अकाउंट सेक्शनचा आहे. प्राचार्यांच्या नावे हप्त्याचा अर्ज त्याच्याकडून लिहून घेतला, आवक क्रमांक घ्यायला सांगितलं, आणि समोरच्या दारात स्वतः त्याच्याबरोबर गेल्या. चार पावलं अंतर! कक्ष अकाउंट सेक्शनसमोर असण्याचा मला दिसलेला एकमेव फायदा. हॉल तिकीट मिळालं. अर्थात, दोन दिवस आधी.

आता तक्रारी.

सगळ्यात मोठी तक्रार आकड्याची. हजारो पोरांच्या कॉलेजला आठवड्यातून सहा तास. एन्ड-सेमच्या आधीच्या पंधरवड्यात बाहेर बाकावर पाच-सहा जण, आणि शुक्रवारी दोनला मॅडमना निघावंच लागतं कारण दुसऱ्या कॉलेजात तीन वाजता त्यांचा तसलाच प्लायवूडचा तुकडा. निकालाच्या दिवशी तर कक्ष हमखास बंद असतो, कारण निकाल काही मंगळवार-शुक्रवार बघून लागत नाहीत. रात्री लागतात. साइट हँग होते, साडेअकराला कोणाचं तरी उघडतं, आणि मग कॉरिडॉरमध्ये एकेक दार बंद होत जातं.

दुसरी तक्रार जीएफएमची. गार्डियन फॅकल्टी मेंबर, वीसेक पोरांमागे एक सर. कागदावर कल्पना चांगली आहे. आमच्या सरांनी मला लॅबमध्ये सगळ्यांदेखत विचारलं, "काउन्सेलरकडे जातोस म्हणे, काय बोलतोस तिथे?" मी मॅडमना सांगितलं. त्यांनी सरांना काय म्हटलं ते मला नंतर कळलं: तो येतो की नाही हेसुद्धा मी त्याला विचारूनच सांगेन. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात उपचारांची माहिती गुप्त राहण्याचा हक्क दिलेला आहे, त्याचा एक कागद तेव्हापासून मॅडमच्या टेबलावर काचेखाली आहे, बाहेरून येणाऱ्याला सरळ वाचता येईल असा. पोरांच्या बाजूने बघितलं तर तो उलटा दिसतो. बरोबर आहे, तो आमच्यासाठी नाहीच.

तिसरी, त्या सेमिनारची. वर्षातून एकदा ऑडिटोरियममध्ये ‘ताणमुक्त परीक्षा’. हजेरी सक्तीची. बाहेरून आलेले वक्ते ‘मला सांगा, तुमच्यापैकी किती जणांना यशस्वी व्हायचंय?’ असं विचारून हात वर करायला लावतात. मागच्या तीन रांगा जर्नल पूर्ण करत असतात. शेवटी ग्रुप फोटो, गूगल फॉर्म. त्या दोन तासांचे पैसे मॅडमना आणखी एका दिवसासाठी दिले असते तर! पण फोटोत एक बाई, एक पोरगा आणि एक पंखा असा फ्रेम काही फाइलला लावता येत नाही.

आणि एक मर्यादा, जिला तक्रार म्हणता येणार नाही. मॅडम डॉक्टर नाहीत. औषध देत नाहीत, देऊही नये. आमच्या मजल्यावरच्या एकाला रात्री छातीत धडधडून घाम फुटायचा, आठवडाभर झोप नाही, जेवण सुटलेलं. मॅडमनी गप्पा मारत वेळ काढला नाही. त्याच दिवशी चिठ्ठी लिहून ससूनच्या मानसोपचार ओपीडीला पाठवलं आणि बरोबर मित्राला जायला लावलं. त्याची गोळी सुरू झाली, परीक्षा त्याने दिली. चिठ्ठी कुठे द्यायची, केसपेपर कुठे काढायचा, सकाळी किती लवकर जायचं हे त्यांनी चिठ्ठीच्या मागे लिहून दिलं होतं. मला वाटतं चांगला काउन्सेलर ओळखायचा तो यावरून, की आपलं काम कुठे संपतं हे त्याला माहीत आहे का.

सहा तासांच्या बाहेरच्या वेळेसाठी मॅडम दोन नंबर देतात, तेही सांगून ठेवतो. एक १४४१६, टेलिमानस. केंद्र सरकारची सेवा, १० ऑक्टोबर २०२२ पासून, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. सुरुवातीला भाषा निवडायला सांगतात, घाईत हिंदी दाबू नका, रात्री दीड वाजता आपल्याला आपल्याच भाषेत रडता येतं. दुसरी टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसची आयकॉल, २०१२ पासूनची. निकालाच्या रात्री मी १४४१६ लावला होता, गच्चीवरून. पलीकडच्या ताईंनी आधी विचारलं ते, आत्ता एकटा आहेस का आणि कठड्यापासून लांब बसलायस का. मी तसल्या विचारात नव्हतो. पण प्रश्न सरळ विचारला गेला याचं बरंच वाटलं. हॉस्टेलात तो प्रश्न कोणी कोणाला विचारत नाही, आणि विचारायला हवा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकड्यांत देशभरात १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्या आहेत, आणि राज्यांमध्ये सगळ्यात जास्त आपल्या महाराष्ट्रात. त्यातले सगळेच काही परीक्षेमुळे नव्हे. पण हा आकडा वाचल्यापासून ‘आमच्या वेळी नव्हते असले लाड’ असं कोणी म्हणालं की मी जेवणावरून उठतो.

मघाशी म्हटलं की काही गोष्टी बदलल्या. २५ जुलै २०२५ ला सुप्रीम कोर्टाने, विशाखापट्टणममध्ये नीटची तयारी करणाऱ्या एका मुलीच्या मृत्यूच्या प्रकरणात, देशभरातल्या शिक्षणसंस्थांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असतील तिथे किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजसेवक नेमायचा. हेल्पलाइनचे नंबर हॉस्टेलात, वर्गांत, वेबसाइटवर मोठ्या अक्षरांत लावायचे. परीक्षेच्या काळात पोरांच्या छोट्या गटांना एकेक मार्गदर्शक. कॉलेजात त्याच्या बातमीचं कात्रण घेऊन आम्ही काही जण प्राचार्यांना भेटलो. अर्ज मॅडमनी लिहून दिला नाही हे मुद्दाम सांगतो, त्यांना अडचण नको. आम्ही तीन गोष्टी मागितल्या: रजिस्टर बंद करा, तिसरा दिवस द्या, पाटी वेगळी करा.

रजिस्टर गेलं. आता मॅडमना मेसेज करून वेळ घ्यायची, नाव फक्त त्यांच्याकडे. नंबर हॉस्टेलच्या जिन्यात लागले, मोठ्या अक्षरांत, पण लॅमिनेशन न करता, त्यामुळे पावसाळ्यात १४४१६ मधला शेवटचा सहा गेला. कोणी तरी मार्करने परत काढलाय. तिसरा दिवस ‘विचाराधीन’. पाटी तीच आहे.

पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी थोडं. मंगळवारी जा, शुक्रवारी घाई असते. साडेअकराच्या आधी गाठा, बारानंतर एनएसएसवाले सामान काढायला येतात. प्रॅक्टिकल असेल तर मॅडम हजेरीसाठी चिठ्ठी देतात, त्यावर कारण नसतं, नुसती वेळ असते. आमच्या डिपार्टमेंटला ती चालते, ईएनटीसीला (इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉमला) एक सर अडवतात असं ऐकलंय. काय बोलायचं ते सुचत नसेल तर मार्कशीट घेऊन जा आणि टेबलावर ठेवा, पुढचं त्या काढतात. फीचा किंवा हॉल तिकिटाचा घोळ असेल तर पावत्यांच्या झेरॉक्स बरोबर असू द्या. डायरीतला दादा किंवा ताई हवी असेल तर सरळ मागा. आपणहून त्या दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत विषय काढतात, आणि परीक्षा तेवढी थांबत नाही.

एम-टू त्या उन्हाळ्यात निघाला, त्रेचाळीस. मेकॅनिक्स ग्रेसने. डायरीत आता एम-टूसमोर दोन नावं आहेत. सॉलिड जॉमेट्रीचं विचारायला येऊ नका.